टोकियोकरांची लाल शाई

त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ते टोकियोकर. आता टोकियो तर सोडाच, हा माणूस उभ्या आयुष्यात विमानातसुद्धा बसलेला नव्हता. पण बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या त्या कारखान्यात स्टोअर त्यांच्या ताब्यात होतं, आणि स्टोअरमध्ये शिरायचं तर बूट दाराबाहेर काढावे लागत. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली. पाना जागेवर नसला की टोकियोकरांचं डोकं फिरलंच म्हणून समजा. "तिकडे असं चालत नाही," हे त्यांचं पालुपद. तिकडे गाडी उशिरा आली तर माफी मागतात. तिकडे शाळेतली पोरं वर्ग स्वतः झाडतात. तिकडे चारचौघांत कुणी नाक शिंकरत नाही. हे शेवटचं खास बायकोसाठी, कारण तिला धुळीची अ‍ॅलर्जी होती आणि ती शिंकरायची ते अगदी दणदणीत.

"तिकडच्यांना सर्दी होत नाही वाटतं?"

"होते. पण ते आत ओढतात."

"शी!" असं म्हणून ती मुद्दाम आणखी एकदा शिंकरायची.

हे वेड त्यांना लागलं सव्विसाव्या वर्षी. एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत जपानीचा वर्ग निघाला. सहा जणांनी नाव घातलं, महिन्याभरात पाच पळाले, उरले हे. परीक्षेत दोनदा आपटले, तिसऱ्यांदा पास झाले. मग स्वतःचं जे काही राहिलं होतं, ते सगळं मुलीवर. पाच वर्षांची होती तेव्हापासून जपानी गिरवायला पाटी-पेन्सिल घेऊन बसवलं. पोर हुशार निघाली, बापाच्या दोन पावलं पुढे गेली, आणि चोविसाव्या वर्षी तिला थेट जपानमधल्या ऑफिसात नोकरी लागली. ती बातमी आली त्या दिवशी टोकियोकर आनंदाच्या भरात बूट घालूनच स्टोअरमध्ये शिरले. कारखान्यात अजून ती तारीख लोकांच्या लक्षात आहे.

निघताना त्यांनी मुलीला एकच अट घातली. दर रविवारी एक पत्र. जपानीत, हाताने लिहिलेलं. पत्राचा फोटो फोनवर येई. टोकियोकर तो छापून घेत, लाल पेन काढत, एकेक चूक गोल करत, समासात शेरा मारत आणि त्याचा फोटो परत पाठवत. सव्वा वर्षात त्रेसष्ट पत्रं झाली. ती सगळी तारीखवार लावलेली फाइल ते जिवापाड जपत.

"अहो, काय म्हणते ती?" बायको विचारायची.

"प्रगती आहे. चुका निम्म्यावर आल्यात."

"चुकांचं नाही विचारत मी. फोनवर आवाज बसलेला वाटतो तिचा. धड दोन वाक्यं बोलत नाही."

"तिकडे हळू बोलतात," टोकियोकर म्हणायचे आणि विषय संपायचा.

अशात कारखान्यात नवं यंत्र आलं, तेही खास जपानहून, आणि ते बसवायला तिकडचा इंजिनियर तीन आठवडे येणार असं ठरलं. टोकियोकर झाले दुभाषे. अहाहा! पहिल्या दिवशी नवा शर्ट घालून ते अर्धा तास आधीच फाटकात उभे राहिले. पाहुणे आले वीस मिनिटं उशिरा. शर्ट बाहेर, दाढी वाढलेली. टोकियोकरांनी कमरेतून वाकून पाठ केलेलं स्वागत म्हणून दाखवलं. पाहुण्यांनी तोंडात सिगारेट धरून ते ऐकलं आणि खो खो हसले. "आमच्या आजोबांच्या बँकेचा मॅनेजर असा बोलायचा," ते म्हणाले.

पुढे तर विचारू नका. पाना वापरला की जिथे हात पोहोचेल तिथे टाकायचा, चहाचा कागदी कप यंत्रावरच ठेवायचा, दुपारी खुर्चीत मान टाकून घोरायचं. दुसऱ्या आठवड्यापर्यंत फळीवरच्या निम्म्या आकृत्या रिकाम्या! कामगार एकमेकांना कोपरानं ढोसत. "काय टोकियोकर, तिकडे असं चालतं वाटतं?"

"प्रवासाचा शीण आहे," टोकियोकर दात-ओठ खात म्हणत आणि संध्याकाळी स्वतः पाने गोळा करत फिरत. एकदा न राहवून त्यांनी पाहुण्यांना विचारलंच, इथे त्रास नाही ना होत? पाहुणे म्हणाले, "त्रास? मी मागून घेतलं हे काम. इथे सहाला सुट्टी होते."

टोकियोकरांना वाटलं, नम्रपणा असेल.

जाण्याच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी मोठ्या अभिमानाने फाइल पाहुण्यांपुढे ठेवली. पाहुण्यांनी पहिलं पत्र हसत वाचलं. दहाव्यापर्यंत हसू गेलं. पुढे ते भराभर पानं उलटत राहिले आणि सिगारेट बोटांतच जळून गेली.

"हे सगळं तुम्ही तपासलंत?"

"अक्षर न् अक्षर."

"दुरुस्त्या बरोबर आहेत," पाहुणे म्हणाले, "पण पत्रं वाचलीत का?"

टोकियोकरांना प्रश्नच कळेना. तेवढ्यात कॅन्टीनवाल्या मावशी चहा घेऊन आल्या. पोरीला त्यांनी फ्रॉकमध्ये पाहिलेलं. "अगं बाई, आपल्या छकुलीची पत्रं? काय म्हणते हो? सांगा की जरा आपल्या भाषेत."

पाहुण्यांनी एका पानावर बोट ठेवलं होतं. टोकियोकर घसा खाकरून मराठीत सांगू लागले. "म्हणते, या आठवड्यात मी घरी फक्त अंघोळीपुरती गेले. गुरुवारी ऑफिसच्या जिन्यात बसून खूप रडले. मग तोंड धुऊन आत गेले आणि... आणि जागेवर नसल्याबद्दल सगळ्यांची माफी मागितली."

त्या माफीच्या वाक्याखाली शाबासकीची लाल रेघ होती. समासात त्यांच्याच वळणदार मराठी अक्षरात लिहिलं होतं : छान प्रगती.

मावशी कप हातात धरून तशाच उभ्या. "रडली म्हणते पोर," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही मार्क देताय?"

लाज काय असते ते टोकियोकरांना त्या क्षणी कळलं. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. मुलगी कुजबुजत बोलली, "बाबा, ऑफिसात आहे मी. पत्र राहिलं, माहीत आहे मला. रविवारीही यावं लागलं."

"खड्ड्यात गेलं पत्र. जिन्यात रडलीस तू?"

"कोणी सांगितलं?"

"तूच. चौदा पत्रांपूर्वी."

मग ती म्हणाली, "त्याच्याशेजारी तुम्ही छान प्रगती लिहिलंत. मला वाटलं, तुमचं उत्तर तेच. सहन कर म्हणून."

"मी वाचलंच नव्हतं गं," टोकियोकर म्हणाले. "फक्त तपासलं. सगळं टाक आणि घरी ये."

"घरी कशाला? देश वाईट नाहीये, बाबा. घरमालकीणबाई रोज दाराशी माझ्यासाठी डबा ठेवतात. ऑफिस वाईट आहे. दुसरी नोकरी बघते म्हटलं तर तुम्हाला काय वाटेल, म्हणून..."

"सोड. आजच सोड."

"पण सांगू काय त्यांना?"

टोकियोकरांकडे तीस वर्षांचा नम्र वाक्यांचा साठा होता. त्यातलं एक कामाचं असेल तर शपथ. त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुण्यांनी सिगारेटच्या पाकिटावर दोन ओळी खरडल्या. 'महिनाअखेर नोकरी सोडते आहे. निर्णय बदलणार नाही.' ना वाकणं, ना माफी. टोकियोकरांनी ते जसंच्या तसं जपानीत तिला वाचून दाखवलं. खिशातल्या लाल पेनला हात लावला नाही.

तिकडे मुलीला आधी हसू आलं आणि मग रडू. ऑफिसात, भर माणसांत, तिने आईसारखं दणदणीत नाक शिंकरलं.

"बाबा, सगळे बघतायत."

"बघू देत," टोकियोकर म्हणाले. "पुन्हा शिंकर."