निरीक्षकाचे डोळे

पदनाम: आकाश निरीक्षक. कर्तव्य: रोज सकाळी उघड्या डोळ्यांनी आकाश पाहून ढगांचा प्रकार व प्रमाण कळवणे. पात्रता: उत्तम दृष्टी.

या पदावरच्या गृहस्थांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. फुलकोबीच्या गड्ड्यासारखे राशिमेघ त्यांना अजून दिसतात. पण फार उंचावरचे, धाग्यांसारखे तंतुमेघ डोळ्यांतल्या धुक्यातच विरून जातात. ऑपरेशनसाठी रजा घ्यावी, तर तेवढ्यात त्यांच्या जागेवर यंत्र बसवतील. मग परत कोण बोलावतंय? म्हणून कार्यालयाच्या गच्चीवरून ते घरी बायकोला फोन लावतात.

"वर बघ गं जरा. काय दिसतंय?"

"पिंजलेला कापूस."

"दाट की विरळ?"

"तुमच्या डोक्यावर केस आहेत, तेवढा."

ते 'तंतुमेघ, अत्यंत विरळ' असं लिहितात.

एके दिवशी मात्र ती म्हणाली, "अहो, किती दिवस रेटायचं हे? माझी मान धरली आता. साहेबांना सांगून टाका एकदाचं."

ते अर्ज घेऊन गेले. रजेचं कारण त्यांनी 'घरगुती' असं लिहिलं होतं. साहेबांनी न वाचताच सही केली.

"डोळे करून या निवांत. यंत्राला अजून मंजुरीच नाही."

"मग तोवर ढग कोण बघणार, साहेब?"

"आत्ता कोण बघतंय? वहिनींना फोन मी करत जाईन."

मंगळवारी ऑपरेशन झालं. बायको दिवसभर दवाखान्यात होती. त्या दिवशीच्या आकाशाची नोंद नाही.