गाण्याचं थिनिंग

रॉक बँडच्या तालमीत अँप्लिफायर सुरू झाला की प्रत्येकाचा हात आवाजाच्या बटणाकडे जातो, तो वाढवायला. विलासदादाचा जायचा कमी करायला. खांद्याला बेस गिटार अडकवायची, बटण अर्ध्यावर आणायचं आणि आम्हाला म्हणायचं, "तुम्ही घ्या मोकळं. मी हाय खाली." याहून मोठं भाषण त्यानं कधी केल्याचं मला आठवत नाही.

पिंपळगाव बसवंतला त्याची द्राक्षबाग होती. चुलतभावाच्या पॅकहाऊसमधली, द्राक्षं साठवायची गार खोली हंगाम नसला की रिकामी असे. भिंती इतक्या जाड, की आत कितीही बोंबललो तरी बाहेर कुणाची झोपमोड होत नसे. म्हणून आम्ही नाशिकहून गाड्या हाणत तिथे तालमीला जायचो. मी गायचो. म्हणजे खरं तर ओरडायचो, आणि लोकांना ते आवडायचं.

एकदा तालमीआधी बागेत डोकावलो, तर बायका घडांमधले कोवळे मणी कात्रीनं कापून खाली पाडत होत्या. मला हळहळ वाटली.

"दादा, चांगले मणी फेकतोस?"

"थिनिंग हाय ते. विरळणी. सगळे ठेवले तर एक बी फुगायचा नाय. लय गर्दी करून कुणाचं भलं झालंय?"

मी हसून सोडून दिलं.

पुढे माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. बोलण्यापुरता आवाज परत आला, पण वरची पट्टी गेली ती गेलीच. डॉक्टरांनी ओरडायला कायमची बंदी घातली. नेमकं आमचं एक गाणं रेकॉर्ड व्हायचं होतं, आणि ते सगळं वरच्या पट्टीतलं. गिटार वाजवणारा समीर माझा जुना मित्र. त्यानं अगदी जपून विषय काढला, "एक जण आहे, छान गातो. फक्त या गाण्यापुरता." 'या गाण्यापुरता' म्हणजे काय, ते मला कळत होतं. मी "हो, चालेल" म्हणालो आणि माइकची वायर गुंडाळायला लागलो.

विलासदादा कोपऱ्यात तारा पुसत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "माणूस कशाला बदलायचा? गाण्याचं थिनिंग करू."

समीरच्या भरगच्च गिटारीतून त्यानं नुसती चिक-चिक ठेवली. ड्रमवाल्याच्या निम्म्या झांजा बंद केल्या. मला म्हणाला, "गाऊ नको. तालात नुसतं बोल." मग अंगठ्यानं तारेवर त्यानं असा ठेका धरला, की सगळ्यांचे पाय आपोआप हलायला लागले. फंक म्हणतात त्या बाजाचं ते वाजवणं. इतकी वर्षं आमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात ते होतं, याचा आम्हाला पत्ताच नव्हता. दुसऱ्यांदा म्हणताना माझ्या लक्षात आलं, की जिथे जिथे मला दम लागतो, तिथेच त्यानं मोकळी जागा सोडली आहे.

समीर कुरकुरला, "दादा, पण हे रॉक राहिलं का?"

"पाय हालला ना तुझा? मग वाजव गप. बारसं मागून करू."

बारसं झालं, नाव ठेवलं 'सरकून घे'. आमच्या गाण्यांत सगळ्यात जास्त ऐकलं गेलं ते हेच. दादाच्या बागेतल्या बायका मोबाइलवर ते लावून त्या ठेक्यावर कात्री चालवायच्या. दुसरा गायक आलाच नाही. मी आजही गातो ते विलासदादामुळे, आणि हे मी कुणी न विचारताही सगळ्यांना सांगतो.

एकदा त्याला विचारलं, "हे तुला आधीपासून येत होतं, मग वाजवलं का नाहीस?"

त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "तवा तुझा आवाज होता ना भरून. त्यात मी कुठं घुसू?"

मला बागेत खाली पडलेले हिरवे मणी आठवले.

मागच्या वर्षी विलासदादा गेला. बागेतच, हृदयविकारानं. आता त्याच्या जागी मृण्मयी नावाची नवी मुलगी बेस वाजवते. हात चांगला आहे, पण दादाचं नाव काढलं की बिचकते. परवा 'सरकून घे' बसवताना तिचा हात आवाज वाढवायला बटणाकडे गेला आणि माझ्याकडे बघून ती अर्ध्यात थांबली. मी माझ्या माइकचा आवाज कमी केला.

"तू घे मोकळं," मी म्हणालो. "मी हाय खाली."