कांबळेबाईंची सीडी

कांबळेबाई फोनवर कुणाशीही बोलण्याआधी समोरच्याचं नाव विचारायच्या. बँक असो, वीज मंडळ असो, गॅसची एजन्सी असो, "पावणं, आधी नाव सांगा, मग बोलू," हे त्यांचं पहिलं वाक्य. समोरचा गोंधळायचा, हसायचा, कधी फोन ठेवून द्यायचा. त्या पुन्हा लावायच्या. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "तुला माणूस दिसतंय. मला नाव तरी कळू दे की."

कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात अंध विद्यार्थ्यांसाठी एक खोली होती. इंदुमती कांबळे त्या खोलीच्या प्रमुख होत्या. प्रमुख म्हणजे एकट्याच. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. कुरुंदवाडच्या शेतमजूर घरातली ही मुलगी वसतिगृहात राहून एम.ए. झाली आणि नोकरीला लागली. एवढं शिकूनही बोलणं गावचंच राहिलं. आमच्याकडच्या बायकांसारखं 'मी जातो, मी करतो' असं बोलायच्या. बुद्धपौर्णिमेला सगळ्या ग्रंथालयासाठी खीर आणायच्या आणि ती कुणी नको म्हटलेली त्यांना चालत नसे. मी तिथं सहायक ग्रंथपाल. वयानं त्यांच्यापेक्षा बराच लहान, म्हणून मला त्या 'तू' आणि 'माने' म्हणत.

त्यांच्या खोलीत एक संगणक होता. पडद्यावरचा मजकूर तो मराठीतून वाचून दाखवायचा. एके दिवशी तो बंद पडला तो पडलाच. नवा आला, पण बोलण्याचं सॉफ्टवेअर त्यात पुन्हा घालायला हवं होतं, आणि जुनं त्यावर चालत नव्हतं. कॉलेजनं बाहेरच्या राज्यातल्या एका कंपनीकडून नवं मागवलं. कुरिअरनं सीडी आली तेव्हा परीक्षा एक महिन्यावर होती.

पाकीट मीच फोडलं. बाईंनी सीडी हातात घेतली, मधल्या भोकाभोवती नख फिरवलं आणि म्हणाल्या, "माने, हिला चीर हाय." मी ती ट्यूबलाइटखाली धरली, तिरकी करून पाहिली. मला काही दिसेना. "काही नाही बाई, नवी कोरी आहे," असं म्हणून मी ती संगणकात घातली. अर्ध्यावर जाऊन काम थांबलं आणि आतून खरखर ऐकू येऊ लागली. पुन्हा घातली, पुन्हा तिथंच थांबली. बाई शेजारी बसून होत्या. 'मी सांगितलं हुतं' असं मात्र त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

मग कंपनीला फोन लावणं सुरू झालं. पहिल्याच दिवशी पलीकडच्या मुलानं नाव सांगितलं, बाईंनीही आपलं सांगितलं, आणि त्यानं विचारलं, "मॅडम, स्क्रीन पे क्या दिख रहा है?" बाई शांतपणे हिंदीत म्हणाल्या की मला दिसत नाही, म्हणून तर तुमचं सॉफ्टवेअर घेतलंय. तो म्हणाला, मग ज्याला दिसतं त्याला फोन द्या. बाईंनी तो दिला नाही. मी हात पुढे केला होता. त्यांना ते कसं कळलं कोण जाणे, पण फोनवर तळवा ठेवून त्या मला म्हणाल्या, "तू डोळं दे. तोंड माझं मी वापरतो."

तसंच ठरलं. पडद्यावर काय आलंय ते मी कानाशी सांगायचं आणि त्या फोनवर बोलायच्या. पाकिटावरचा लांबलचक क्रमांक मी वाचला, तो त्यांनी एकदाच ऐकून पाठ म्हणून दाखवला. तरी दर वेळी नवा माणूस फोन उचलायचा, आधीचं कुणाला माहीत नसायचं आणि गाडी 'दिसतंय का' वर येऊन अडायची. मग त्यांनी सीडीचा फोटो मागितला. मी काढून पाठवला. फोटोत चीर दिसत नाही, तेव्हा सीडी चांगली आहे, असं उत्तर आलं. मग म्हणाले, वेबसाइटवर तक्रार भरा. तो अर्ज उघडला तर शेवटी एका चित्रात वेडीवाकडी अक्षरं होती, ती ओळखून लिहायची. आंधळ्या माणसांसाठी सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा हा अर्ज. मी संतापलो, बाई मात्र नुसत्या म्हणाल्या, "लिव, काय लिवलंय त्यात." चार दिवसांनी ईमेल आलं की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे.

दिवस चालले होते. आम्ही ग्रंथालयातली माणसं आळीपाळीनं त्या खोलीतल्या पाच मुलांना वाचून दाखवत होतो. आजऱ्याहून आलेली सुलभा एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिला मी रोज दुपारी तास दीड तास वाचून दाखवायचो. ती मुकाट्यानं ऐकायची, शेवटी "थँक्यू सर" म्हणायची. मला वाटायचं, बरं चाललंय. बाईंनी एकदा मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "ती तुला एक वळ परत वाच म्हणत न्हाई. लाजतीया. त्या मशीनला धा येळा इचारलं तरी ते कटाळत न्हाई." त्यानंतर मी सुलभाला स्वतःहून विचारू लागलो, परत वाचू का म्हणून. ती दर वेळी नको म्हणायची.

परीक्षेला पंधरा दिवस राहिले असताना बाई भाचीच्या मुलाच्या बारशाला कुरुंदवाडला गेल्या. त्या दुपारी मी कंपनीला फोन लावला. माझं नाव सांगितलं, म्हणालो, आमच्या मॅडम अंध आहेत, त्यांच्या वतीनं मी बोलतोय. पडद्यावर काय दिसतं ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. सीडी फुटकी आहे का, हो म्हणालो. झालं. तीन दिवसांत नवी सीडी पाठवतो म्हणाले. जेमतेम पाच मिनिटं लागली असतील. फोन ठेवल्यावर मला एवढा आनंद झाला की मी सगळ्यांना चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या, काठी घडी करून टेबलावर ठेवली. नेमकं काय बोललास, एवढंच त्यांनी विचारलं. मी शब्द न् शब्द सांगितला.

"मी अकरा येळा बोललो," बाई म्हणाल्या. "आता तेंच्याकडं काय लिवलं असंल सांग. आंधळी बाई बोलत हुती तवर काम झालं न्हाई, डोळस माणूस बोलला आणि झालं. फुडच्या आंधळ्यानं फोन केला की त्याला काय म्हणतील?"

मलाही राग आला. परीक्षा तोंडावर आली आहे, मुलांनी थांबायचं का, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. बाई उठून आपल्या खोलीत गेल्या. आठ वर्षांत पहिल्यांदाच आम्ही तो सगळा दिवस एकमेकांशी बोललो नाही.

सीडी आली. बाईंनी नख फिरवून पाहिली आणि माझ्याकडे दिली. संगणक बोलू लागला. शेवटचे अकरा दिवस ती खोली सकाळी उघडायची ती संध्याकाळीच बंद व्हायची. सुलभा कानाला हेडफोन लावून तीच तीच पानं ऐकत बसायची. पाचही मुलं पास झाली. त्या निकालाचे पेढे बाईंनीच वाटले, मला दोन दिले. पण त्या फोनचा विषय त्यांनी काढला नाही आणि मला काढता आला नाही. कंपनीला त्या अधूनमधून फोन करत राहिल्या. तक्रार लिहून घ्या म्हणायच्या. कुणी लिहून घेतल्याचं मला आठवत नाही.

त्या निवृत्त होऊन कुरुंदवाडला गेल्या. तीन वर्षांनी त्या फार आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेलो. अंगणातल्या खाटेवर पडून होत्या, अंगानं अगदी वाळल्या होत्या. भाचीनं चहा आणून दिला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. निघायच्या वेळी मी शेवटी बोललो. म्हणालो, बाई, त्या फोनचं माझ्या मनात राहिलंय. तुमच्या माघारी मी तो करायला नको होता.



"पोरं पास झाली न्हवं," त्या म्हणाल्या. "केलास ते बरंच केलास. पर आधी मला इचारायला पायजे हुतंस. मी व्हय म्हटलं असतं."

पुढच्या महिन्यात त्या गेल्या.