ट्वायलाचे डोहाळे आणि कॉलेजचा खड्डा

बेचाळिसाव्या वर्षी ट्वायला कोवारिकनं कॉलेजात नाव घातलं, ते काही ज्ञानाची तहान लागली म्हणून नव्हे. दिवस राहिले म्हणून. दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात फुटल्या, आणि त्या उन्हाळ्यात हॅडलीतल्या आमच्या गल्लीत कोणी टीव्ही लावला असेल तर शपथ.

ट्वायला म्हणजे कोपऱ्यावरच्या निळ्या घरात, पुढच्या खोलीत केस कापणारी. गावातली अर्धी डोकी तिच्या हाताखालून जातात. डोकं दुसऱ्याच्या हातात असलं की माणूस मोकळा बोलतो, त्यामुळे कोणाचं कोणाशी बिनसलं हे त्या दोघांच्या आधी तिला कळतं. नवरा लायल अंगानं दांडगा आणि शब्दाला महाग. त्याचा स्वतःचा जेसीबी आहे. सेप्टिक टाक्यांचे खड्डे, पाइपांचे चर, आणि कोणी गेलंच तर दफनभूमीतलं कामही तोच करतो. नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यात लायलच्या हातून सुटलेला माणूस नाही, उशीर तेवढा होतो.

लग्नाला सतरा वर्षं झाली होती. मुलाची वाट बघून दोघं दमली, मग कुत्रा पाळला, तोही म्हातारा होऊन गेला. म्हणून वसंतात ट्वायलाची पाळी चुकली तेव्हा तिनं वयाच्या खात्यात टाकली. घाम फुटायला लागला तेव्हा पंखा आणला. वरच्या मजल्यावर राहणारी सासू व्लास्ता समाधानानं म्हणाली की आता सूनबाई माझ्यासारखी चिडकी होणार, मला घरात सोबत झाली. जूनच्या शेवटी पोटात काहीतरी फिरलं. व्लास्ताच्या आंबवलेल्या कोबीवर सगळ्यांचा संशय गेला. डॉक्टरीणबाईंनी यंत्र फिरवलं, पडदा ट्वायलाकडे वळवला आणि म्हणाल्या, "हा कोबी नोव्हेंबरात बाहेर येईल."

लायलला सांगितलं तेव्हा तो अंगणात जाऊन जेसीबीवर बसला आणि काही कारण नसताना त्यानं त्याचं फावडं चार वेळा वर-खाली केलं. त्याचा आनंद असाच असतो.

आनंद ओसरल्यावर विमा आठवला. दोघांचा धंदा स्वतःचा, म्हणजे विमाही स्वतःच काढायचा, आणि तो हिवाळ्यातच काढता येतो. आधीच्या हिवाळ्यात लायलनं "आपल्याला काय होणार आहे" म्हणून काढला नव्हता. आता विम्याच्या बाईनं फोनवर गोड आवाजात सांगितलं की मधल्या काळात लग्न झालं तर नाव घालता येतं, घर बदललं तर घालता येतं, नोकरी सुटली तर घालता येतं. दिवस राहिले, हे कारण चालत नाही. तुम्ही जानेवारीपासून या. ट्वायलानं विचारलं की पोटातल्याला जानेवारीपर्यंत थांबायला कोण सांगणार.

वय बेचाळीस, पहिलं बाळंतपण, पोट फाडावं लागलं तर दवाखान्याचं बिल एवढं येणार की जेसीबी विकावा लागेल. जेसीबी गेला की धंदा गेला. शेजारच्या बायकांनी उपाय सुचवला: लग्न झालं तर विमा मिळतो ना, मग घटस्फोट घ्या आणि पुन्हा लग्न करा. गल्लीतल्या दोघींनी तर नव्या लग्नाला काय घालायचं तेही ठरवलं. लायल म्हणाला की पहिल्या लग्नात आईनं केलेले खसखशीचे कोलाचे, ते चेक गोड पाव, अजून पोटात आहेत.

सुटका आली ती गरम हवेच्या टोपाखालून. कॉलेजच्या कचेरीत काम करणारी एक बाई केस वाळवत बसली होती. तिनं आवाज चढवून, टोपाखालची माणसं बोलतात तसं, सगळ्या खोलीला सांगितलं की आमच्या विद्यार्थ्यांच्या विम्यात गरोदरपण इतर कुठल्याही दुखण्यासारखंच धरतात. आधीचं-नंतरचं बघत नाहीत. तपासण्या, बाळंतपण, ऑपरेशन, सगळं. आणि बाळ जन्मलं त्या क्षणापासून पहिला महिना आईच्याच विम्यात. अट एकच, पूर्ण वेळ शिकायचं. एक विषय गळला की विद्यार्थी अर्धा होतो, आणि अर्ध्या विद्यार्थ्याला विमा नाही.

ट्वायलानं हातातली कात्री खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी नाव घातलं.

उशिरा गेल्यामुळे जे उरलं होतं तेच पदरात पडलं. इंग्रजी निबंध, बीजगणित, आहारशास्त्र, आणि चौथा विषय कोणालाच नको असलेला: मातीची परीक्षा. म्हणजे शेतात माणसाएवढा खड्डा खणतात, त्यात उतरायचं, भिंतीतले मातीचे थर बघायचे, चिमूट ओली करून बोटांत मळायची, आणि रेती किती, चिकण किती, हे सांगायचं. त्याच्या कॉलेजाकॉलेजांत स्पर्धा होतात. आमच्याकडे लोक कशाच्याही स्पर्धा घेतात.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, जी ट्वायलानं कचेरीत सांगितली नव्हती. तिला डोहाळे लागले होते मातीचे. जुलैपासून ती व्लास्ताच्या तळघरात बटाट्यांच्या पोत्यात नाक घालून उभी राहायची. फुलांच्या कुंड्यांना पाणी घालायच्या निमित्तानं दिवसातून सहा चकरा. लायल कामावरून आला की ती दारातच त्याचे बूट काढून घ्यायची आणि डोळे मिटून हुंगायची. सतरा वर्षांत बायकोनं बूट काढले नव्हते, त्यामुळे लायलचा समज झाला की प्रेम परत आलं. तो मुद्दाम चिखलातून चालायला लागला. डॉक्टरीणबाईंनी जिभेला सक्त बंदी घातली होती, नाकाला नव्हती.

त्यामुळे चौथ्या विषयाच्या पहिल्या तासाला मुलं जांभया देत होती आणि ट्वायला पहिल्या बाकावर, समोरच्या मातीच्या डब्यांकडे लग्नाच्या जेवणाकडे बघावं तसं बघत होती. शिकवणारा गॅरेट ऑस्टरहाउट, तिशीतला, काडीसारखा, नियमांचा फार भोक्ता. त्याचेही केस ट्वायलाच कापायची. त्यानं सांगून टाकलं की ऑक्टोबरच्या स्पर्धेत जो खड्ड्यात उतरणार नाही त्याचं नाव वर्गातून काढलं जाईल. गेल्या वर्षी तीन पोरं बसमध्ये डोनट खात बसली होती, ते त्याच्या मनाला लागलं होतं.

ट्वायला सप्टेंबरभर लायलचे सदरे घालून वर्गात येत होती. पोट वाढत होतं, सदरे पुरत नव्हते. पण आमच्याकडे बाईमाणसाला "दिवस गेलेत का" विचारणं म्हणजे बँक लुटण्यापेक्षा मोठा गुन्हा. समजा गेलेले नसले तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. वर्गातली वीस पोरं आणि गॅरेट, एकवीस जण महिनाभर छताकडे बघत बोलत होते. शेवटी एका तासाला गॅरेट तिच्या शेजारी उभा राहून काही समजावत होता. लिहायची फळी तिनं सवयीनं पोटावर टेकवली होती. ती फळी एकदम उडाली.

गॅरेट पांढराफटक पडला. ट्वायला म्हणाली की घाबरू नका सर, पोराला चिकणमातीचा भाग आवडला असेल.

मग विचारल्यावर तिनं सगळं सांगितलं, विम्यासकट. गॅरेटनं आपल्या वरच्यांना विचारलं. वरच्यांनी सुरक्षा खात्याला विचारलं. सुरक्षा खात्यानं कळवलं की गरोदर विद्यार्थिनीला शिडीवरून खड्ड्यात उतरवता येणार नाही. गॅरेट तिच्या घरी आला, पण खुर्चीत बसला नाही.

"मिसेस कोवारिक, मला फार वाईट वाटतं. पण तुम्हाला सोडलं तर बाकीचेही म्हणतील आम्हाला सोडा. नियम सगळ्यांना एकच."

"सर, तुम्ही माझं नाव काढलं की माझा विमा जातो. विमा गेला की लायलचा जेसीबी जातो. आणि जेसीबी गेला तर तुमच्या स्पर्धेचे खड्डे कोण खणणार आहे?"

गॅरेट खुर्चीत बसला. स्पर्धेच्या खड्ड्यांचं काम लायललाच दिलं होतं.

लायल दारात उभा राहून सफरचंद खात होता. त्यानं सावकाश घास गिळला. "शिडी नको म्हणालेत ना," तो म्हणाला. "उताराचं काही म्हणालेत का?"

गॅरेटनं खिशातून सुरक्षा खात्याचं पत्र काढलं, दोनदा वाचलं. उताराचं काही नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी मका कापलेल्या शेतात पाच कॉलेजांच्या गाड्या उभ्या होत्या. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, वारं सुटलं होतं. इतर खड्ड्यांना शिड्या होत्या, आणि हॅडलीची पोरं आधी उतरणार होती त्या खड्ड्याला लायलनं असा उतार केला होता की त्यावरून एखादी गाय पेपर वाचत खाली गेली असती. कडेला वाळू टाकली होती. वर जेसीबी, त्यावर टोपी हातात घेऊन लायल. ट्वायलाला आता अंगात बसेल असा एकच कपडा उरला होता: व्लास्ताचा पिवळाधमक झगा, चर्चमधल्या ईस्टरचा. त्यात ती उतारावरून अशी खाली गेली की समोरच्या कॉलेजातल्या एका पोरानं टाळ्या वाजवल्या.

खाली गेल्यावर काय झालं, ते ट्वायला पुढे कधी नीट सांगू शकली नाही. ओल्या मातीचा वास चारी बाजूंनी अंगावर आला. चार महिने बटाट्यांवर आणि बुटांवर दिवस काढलेल्या बाईला एकदम पूर्ण जेवण वाढलं होतं. ती भिंतीला नाक लावून उभी राहिली, डोळ्यांत पाणी. वरून गॅरेट वेळ ओरडत होता. तिनं भानावर येऊन मोजपट्टी लावली, चिमूट चिमूट माती मळली, लिहिलं. बरंचसं चुकलं. एका थराला तिनं "तळघर" असं नाव दिलं.

आणि मग वळायची वेळ आली.

लायलनं उताराची रुंदी नीट मोजली होती, खड्ड्याची मात्र नेहमीचीच ठेवली होती, पोरांच्या मापाची. ट्वायला सरळ आत गेली, पण वळायला अंग आडवं करताच अडकली. पाठ एका भिंतीला, पोट दुसरीला. उलटं चालत चढायला डॉक्टरीणबाईंची मनाई. वर सगळे वाकून बघायला लागले. व्लास्ता, जी कोलाच्यांचा डबा घेऊन आली होती, ती वरून सूचना देत होती की श्वास आत घे. लायल जेसीबी सुरू करायला लागला, गॅरेटनं त्याचा पाय धरला. ट्वायलानं दात-ओठ खाल्ले, भिंतीला छातीपासून गुडघ्यापर्यंत चिकटली आणि मैद्याच्या गोळ्यासारखी हळूहळू फिरत, एकदाची सुटली. मग उतारावरून वर आली.

वर आली आणि सगळ्यांच्या नजरा झग्यावर गेल्या.

पिवळ्या झग्याच्या छातीवर काळीभोर माती. पोटावर तपकिरी. मांड्यांवर लालसर, आणि गुडघ्यांपाशी पांढरे ठिपके असलेली फिकट चिकण. थर बरोबर क्रमानं, जाडीसकट, कडा अगदी स्पष्ट. पुढच्या पाळीला उभी असलेली परक्या कॉलेजांची पोरं, ज्यांनी अजून खड्डा पाहिलाही नव्हता, ती एकमेकांना कोपरं मारत भराभर लिहायला लागली. एक जण तर मोजपट्टी घेऊन पुढे आला आणि थेट विचारता झाला की मॅडम, जरा सरळ उभ्या राहता का.

परीक्षक बाईंनी शिट्टी फुंकली. या जिल्ह्याच्या जमिनी चाळीस वर्षं मोजत फिरलेल्या, उन्हानं रापलेल्या बाई. एका कॉलेजच्या शिक्षकानं तक्रार केली की उत्तरं उघड्यावर फिरतायत. दुसरा म्हणाला की भिंतीला पोटाएवढा खळगा पडलाय, आता थर कसे बघायचे. तिसरा म्हणाला, या स्पर्धकाला बाद करा, ती उतरलीच नाही असं धरा. हे ऐकून ट्वायलाचा हात पोटावर गेला आणि गॅरेटचा कपाळावर. उतरलीच नाही असं धरलं की नाव गेलं, नाव गेलं की सगळंच गेलं.

परीक्षक बाईंनी ट्वायलाला खालून वर आणि वरून खाली नीट वाचलं.

"हिचे गुण बाद," त्या म्हणाल्या. "उत्तरं बाहेर फुटली, म्हणून. पण ही खड्ड्यात उतरली नाही असं ज्याला म्हणायचंय, त्यानं माझ्यासमोर येऊन, हिच्या झग्याकडे बघून म्हणावं."

कोणी आलं नाही. गॅरेटनं वहीत तिच्या नावापुढे "उतरली" असं लिहिलं, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा लिहिलं. ट्वायलाला ताडपत्रीत गुंडाळून लायलच्या ट्रकमध्ये बसवलं. लायलनं फावड्याच्या दातांनी भिंतीचा वीतभर पापुद्रा खरवडून खळगा घालवला. पाचही कॉलेजांत मिळून ट्वायला शेवटून पहिली आली. ट्रकमध्ये ती खसखशीचा तिसरा कोलाचा खात होती आणि मधूनच झग्याची बाही हुंगत होती.

जोसी आली नोव्हेंबरात, टर्की कापायच्या सणाच्या आधी. पोट फाडावंच लागलं. दवाखान्यातल्या बाईनं लायलला विचारलं की विमा वडिलांच्या नोकरीचा का. लायल म्हणाला, आईच्या कॉलेजचा. तिनं एकदा ट्वायलाकडे पाहिलं, एकदा पडद्यावर, आणि म्हणाली की हो, सगळं बसतंय, मुलगीही बसतेय, महिन्याच्या आत तिचं नाव आईखाली लावून घ्या. लायलनं एवढंच विचारलं की म्हणजे जेसीबी विकायचा नाही ना. तिला काहीच कळलं नाही. मग तो गाड्यांच्या आवारात गेला, आणि फावडं जवळ नव्हतं म्हणून ट्रकचा हॉर्न वाजवत बसला. दोन नर्सना खाली जावं लागलं.

जोसीचं नाव लागलं. हिवाळा आला, साध्या विम्याची दारंही उघडली. लायल कागद घेऊन आला की आता जानेवारीपासून आपण तिघांचा मिळून रीतसर विमा काढू, तुझी शाळा सुटली. ट्वायला जोसीला पाजत पुढच्या सहामाहीच्या विषयांची यादी वाचत होती. डोहाळे केव्हाच गेले होते. मातीचा वास आता तिला मातीसारखाच यायचा, आणि लायलचे बूट पुन्हा दाराबाहेर राहायला लागले होते.

व्लास्तानं विचारलं, "आता कशाला गं? बाळ झालं, बिल फिटलं."

"सासूबाई, या पोरीच्या कार्डावर लिहिलंय, विद्यार्थिनीची मुलगी," ट्वायला म्हणाली. "आईनं अर्ध्यात कॉलेज सोडलं तर तिनं लोकांना काय सांगायचं?"

आणि तिनं बीजगणिताच्या दुसऱ्या भागावर खूण केली. पहिल्या भागात ती जेमतेम तरली होती, दुसऱ्यात तरते का, यावर गल्लीनं बोलणं सुरू केलंच आहे.