बाबांच्या स्क्रीनवरचा बाण

आर्णीला बाबांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. मी पुण्यात एका कंपनीत काम करते. लोकांचे अडलेले कॉम्प्युटर बसल्या जागेवरून दुरुस्त करून द्यायचे, हे माझं काम.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांच्या नजरेतून अनुस्वार सुटायला लागले. एका पत्रिकेत ‘चि. सौ. कां.’मधलं टिंब राहिलं आणि मुलीकडचे लोक गठ्ठा परत घेऊन आले. त्या दिवाळीला घरी गेले तेव्हा मी दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम टाकून दिला. मग दर शनिवारी सकाळी पुण्यात माझ्या लॅपटॉपवर बाबांची स्क्रीन उघडायची, कानाला फोन असायचा आणि आम्ही पत्रिका तपासायचो.

तपासायला पंधरा मिनिटं पुरत. आम्ही दोन तास बसायचो. बाबा क्लिक करण्याआधी त्या शब्दाभोवती माउसचा बाण दोनदा फिरवतात. तो बाण फिरताना दिसला की मला त्यांचं मनगट दिसायचं, चष्मा कपाळावर सरकवलेला दिसायचा. कधी दोघांनी एकदमच माउस हलवला की बाण जागीच थरथरायचा.

“सोड नं बाई, मी करून राह्यलो,” बाबा म्हणायचे.

एका शनिवारी स्क्रीन उघडलीच नाही. आदल्या दिवशी माझ्या लॅपटॉपवर त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली होती. दोन्ही बाजूंचे प्रोटोकॉल जुळत नाहीत, असा संदेश येऊन जोडणी तुटत होती.

“काय झालं वं? नेट तं चालू हाये,” बाबा म्हणाले.

“जोडायच्या आधी दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना विचारतात बाबा, कोणत्या पद्धतीनं बोलायचं. माझ्या कॉम्प्युटरनं जुनी पद्धत बंद केली. तुमच्याला नवी येत नाही.”

“मंग माह्यावाल्याले शिकव नवी.”

मी सांगत गेले, बाबा एकेक अक्षर वाचत क्लिक करत गेले. शेवटी त्यांचा कॉम्प्युटर म्हणाला की नवी आवृत्ती या जुन्या विंडोजवर चालणार नाही. विंडोज बदलावं, तर बाबांचा पत्रिकेचा प्रोग्राम चालला नसता आणि इतक्या वर्षांत जमवलेले मराठी फॉन्टही गेले असते.

माझ्याकडे कॉलेजातला एक लॅपटॉप पडून होता. तो काढला, त्यावर जुनी आवृत्ती शोधून टाकली. जोडलं गेलं. अर्धवट पत्रिका समोर आली आणि तिच्यावर बाबांचा बाण.

“दिसलं का?”

“दिसलं बाबा!”

पण मला माहीत होतं. प्रोग्राम बनवणाऱ्यांनी ती पद्धत बंद केली होती, कारण तिचं कुलूप कोणालाही फोडता येत होतं. ऑफिसात मी रोज लोकांना सांगते, असलं काही चालू ठेवू नका. बाबांना सांगावं की न सांगावं, असं झालं. सांगितलं.

बाबांनी पत्रिकेतल्या पत्त्याभोवती बाण दोनदा फिरवला. मग म्हणाले, “लोकायचे पत्ते हायेत ह्याच्यात, फोन नंबर हायेत. बंद कर.”

“आजचा दिवस राहू द्या ना.”

“नाही माय. बंद कर.”

मी बंद केलं.

पुढच्या आठवड्यात रजा काढून आर्णीला गेले. जुन्या कॉम्प्युटरचं नेट काढलं आणि त्याच्या शेजारी एक नवा बसवला. पत्रिका जुन्यावर करायची, तिची पीडीएफ पेन ड्राइव्हवरून नव्यावर आणायची, ती मी पुण्यातून बघणार. तीन दिवस बाबांच्या शेजारी स्टुलावर बसून त्यांच्याकडून ते घोटून घेतलं. ते बोट थेट स्क्रीनवर टेकवून विचारायचे, “इथं का?” स्क्रीनवर बोटांचे ठसे उठले. मी पुसले नाहीत.

परत आल्यावर पहिल्या शनिवारी पहिल्याच खेपेला जोडलं गेलं. तयार पत्रिका समोर होती. दोन चुका होत्या, त्या सांगितल्या. बाबा जुन्या कॉम्प्युटरवर बसून त्या सुधारत होते. फोनवर माउसची टिकटिक ऐकू येत होती. माझ्या स्क्रीनवरचा बाण मी हलवला तरच हलत होता.

“झालं का वं?”

“झालं.”

“आज लवकरच झालं. मंग ठेवू फोन?”

“नका ठेवू,” मी म्हणाले. “आता काय करून राह्यले तुम्ही?”

“दुसरी पत्रिका लावून राह्यलो. दारव्ह्याच्या लोकायची हाये.”

“वाचून दाखवा ना मला.”

खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. बाबांनी घसा खाकरला आणि अगदी वरपासून, देवाच्या नावापासून, सावकाश वाचायला सुरुवात केली.