वाडीच्या ग्रुपमधली पोलीस पाटील

पूर्वी पोलीस ठाण्यातला गोपनीय शाखेचा हवालदार खबर काढायला स्वतः यायचा. कपडे साधे, पण बूट पोलिसाचेच. आमच्या कळंबच्या नाक्यावर चहाला टेकला की शेळ्यांमागची म्हातारीही त्याला ओळखायची. आता तो येत नाही, मला फोन करतो. मी गावची पोलीस पाटील. गावात काय शिजतंय ते कळवणं माझं कामच आहे, असं मी स्वतःला बजावत आले.

गावाच्या वरच्या अंगाला ठाकर आदिवासींची वाडी. शेजारच्या नव्या रिसॉर्टने बोअर मारली आणि वाडीची विहीर शिमग्याआधीच आटू लागली. तेव्हा बायांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. लिहिता येणाऱ्या दोघीतिघीच, म्हणून सगळ्या बोलून रेकॉर्ड करून टाकायच्या. मी अर्ज लिहून द्यायचे, म्हणून मलाही घेतलं. त्यांच्यात पुढे असायची ती एक मावशी. तिच्या सारवलेल्या ओटीवर मी सगळ्यांत मांडी घालून बसायचे. ती म्हणायची, "तू हायस म्हणून धीर हाय गं."

रिसॉर्टच्या उद्घाटनाला बडे पाहुणे येणार होते. बायांनी रिकामे हंडे घेऊन फाटकापुढे बसायचं ठरवलं. ग्रुपवर काय चाललंय, हवालदाराने विचारलं. सगळं कळवते, असं मी म्हणाले. भीतीने नव्हे, साहेबांकडून शाबासकी मिळावी म्हणून. हे लिहितानाही मान खाली जाते.

बायांचं ऐकून ऐकून मलाही बोलूनच पाठवायची सवय लागली होती. दुपारी भाकऱ्या करता करता, पिठाच्या हातानेच मी रिपोर्ट बोलले: कोण येणार, किती वाजता, कुठल्या पायवाटेने, पुढे कोण. आणि तो वाडीच्या ग्रुपवर गेला. कळलं तेव्हा अकरा जणींनी ऐकला होता. मी तो घाईने पुसला. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण मी हात धुतले, तेच सगळं पुन्हा बोलले आणि या वेळी नीट बघून हवालदाराला पाठवलं.

बायांनी वेळ बदलली नाही, वाटही नाही. पोलिसांनी मावशीसह पाच जणींना पायवाटेवरच अडवलं आणि संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं. पाहुणे आले, जेवले, गेले.

आठ दिवसांनी मी वाडीवर गेले. माफी मागायला शब्द जुळवत होते, तोवर मावशीच बोलली, "आमी काय चोरी करत नव्हतो. मला इचारलं असतंस, तर हवालदाराला मीच सांगितलं असतं."

मला वाटलं होतं, ग्रुपमधून काढतील. नाही काढलं. पण त्या ग्रुपवर आता कुणी बोलत नाही. विहीर अजून कोरडीच आहे आणि टँकरच्या अर्जासाठी त्या मलाच बोलावतात. मी गेले की मावशी आतून प्लास्टिकची खुर्ची आणते, पदराने पुसते आणि अंगणात ठेवते. बाया ओटीवर बसतात.

"बसा, बाई," मावशी म्हणते. मी खुर्चीवर बसते.