अर्धी सीट

लोहाऱ्याच्या रस्त्यावर वडापची जीप हाकण्यात बलभीमची निम्मी उमर गेली. गाडी इतकी ठासून भरायची, की ड्रायव्हरच्या सीटवरही एक पॅसेंजर असायचाच, आणि बलभीमचं अर्धं बूड कायम दाराबाहेर.

परवा विरुपाक्ष आणि अमरनाथ या दोस्तांनी त्याला धाराशिवला बर्गर खायला नेलं. कॅफेतल्या खुर्च्या चांगल्या ऐसपैस होत्या. बलभीम मात्र कडेलाच टेकला.

"नीट बस की लेका," विरुपाक्ष म्हणाला.

बलभीम मधोमध बसला खरा, पण हातातला बर्गर काही तोंडाकडं जाईना. शेवटी वैतागून विरुपाक्ष उठला आणि बलभीमच्याच खुर्चीत अंग चोरून बसला. बलभीमनं मोठा घास घेतला आणि समोर पाहिलं.

"अमरनाथ, तू बी ये. अजून एक बसतंय."